छोट्या कुत्र्याच्या हृदयाची झडप गळू लागली तर: तपासणी आणि औषधांचा क्रम

पॉमेरेनियन, पग, डॅशहंड, ल्हासा, शित्झू अशा छोट्या जातींच्या कुत्र्यांनी आठ-नऊ वर्षं ओलांडली की बऱ्याचदा त्यांच्या हृदयाची डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड आणि वेडीवाकडी होऊ लागते. ती नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे, डाव्या वरच्या कप्प्यात जातं. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी फुसफुस, म्हणजे मर्मर, ती याच गळतीची. कप्पा हळूहळू फुगतो. नंतर हा दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचला की तिथे पाणी साठतं आणि कुत्र्याला धाप लागते.

यावर चांगली औषधं आहेत. घोळ होतो तो क्रमाचा. खोकला दिसला की लघवीची गोळी सुरू होते, चार दिवसांत बरं वाटलं की ती बंद होते, आणि एक्स-रे, इको (हृदयाची सोनोग्राफी), रक्ततपासणी यांतलं काहीच झालेलं नसतं. काही घरी याच्या उलट घडतं. मर्मर दोन वर्षांपासून माहीत असते, पण कुत्रा उड्या मारतोय म्हणून कोणी मोजमाप करत नाही आणि ज्या काळात औषधाचा सर्वांत जास्त फायदा झाला असता तो काळ निघून जातो. म्हणून आधी आजाराची पायरी ठरवायची, मग औषध, मग रक्ततपासणी.

इथे दिलेले डोस डॉक्टरांची चिठ्ठी समजून घेण्यासाठी आणि हिशेब पडताळण्यासाठी आहेत. यावरून स्वतः औषध सुरू करू नका.

टप्पा १: झोपेतला श्वास मोजा

दवाखान्यात जाण्याआधी घरी पाच-सहा दिवस हे काम करा. घरातल्या कुठल्याही यंत्राविना मिळणारी सर्वांत भरवशाची माहिती हीच आहे.

कुत्रा गाढ झोपला की छातीकडे बघा. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. मोबाइलवर ३० सेकंद लावा, मोजा, दुप्पट करा. आकडा, तारीख आणि वेळ वहीत लिहा. झडपेचा आजार असूनही फुप्फुसं कोरडी असतील तर आकडा ३० च्या आत, बऱ्याचदा २५ च्याही आत राहतो.

चुका ठरलेल्या आहेत. कुत्रा नुसता पडलाय, डोळे उघडे आहेत, तेव्हा मोजतात. स्वप्नात पाय हलत असताना मोजतात. आणि आपल्याकडची खास चूक म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी जीभ बाहेर काढून धापा टाकत असताना मोजतात. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पहाटे, किंवा रात्री पंखा-कूलरखाली गाढ झोप लागल्यावरच मोजा. उन्हामुळे लागलेली धाप आणि हृदयामुळे लागलेली धाप आकड्यावरून वेगळी ओळखता येत नाही.

वहीत वजनही लिहा. आधी स्वतः काट्यावर उभे राहा, मग कुत्र्याला घेऊन, आणि वजाबाकी करा. पाच किलोच्या कुत्र्यात अर्ध्या किलोचा फरक म्हणजे दहा टक्के, त्यामुळे शक्य तेव्हा दवाखान्याच्या काट्याशी ताडून बघा.

तपासा: पाच दिवसांचे आकडे साधारण सारखे येतात का? तासाभराच्या अंतराने दोनदा ३० च्या वर आले तर पुढचे टप्पे थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ४० च्या वर असेल, मान पुढे ताणून श्वास घेत असेल, आडवं होता येत नसेल किंवा हिरड्या निळसर-राखाडी दिसत असतील, तर थेट टप्पा ६.

टप्पा २: खोकला हृदयाचाच आहे का?

इथेच सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून जरा थांबून बघू.

छोट्या कुत्र्यांत झडपेचा आजार आणि श्वासनलिका चपटी होण्याचा आजार एकाच वयात, एकाच कुत्र्यात आढळतात. पॉमेरेनियनमध्ये तर फारच. घशात काहीतरी अडकल्यासारखा कोरडा, हाँक-हाँक असा खोकला. पट्टा ओढला की, पाहुणे आले की, पाणी पिताना वाढणारा. आणि झोपेतला श्वास मात्र २० ते २४. असं चित्र असेल तर फुप्फुसात पाणी असण्याची शक्यता कमी. फुगलेला कप्पा डाव्या श्वासनळीवर दाबल्यानेही खोकला येतो. तो हृदयाशी संबंधित असला तरी फुप्फुसात पाणी असल्याची खूण नाही, आणि लघवीच्या गोळीने तो जात नाही.

लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, गरजेआधी सुरू केली तर शरीर कोरडं पडतं, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि पाणी-मीठ धरून ठेवणारी शरीराची यंत्रणा उलट जागी होते. पुढे हृदयाला त्रास देणारी यंत्रणा हीच.

डॉक्टरांना विचारून या चार गोष्टी बघून घ्या:

१. मर्मर किती ग्रेडची आहे? ६ पैकी आकडा विचारा आणि वहीत लिहा.
२. हिरड्या फिकट आहेत का? गोचीड तापाने रक्त कमी झालं असेल तरी कुत्रा थकतो, धापा टाकतो, आणि मर्मरही ऐकू येते. रक्ताची साधी तपासणी आणि गोचीड तापाची चाचणी आधी करा.
३. हृदयातल्या जंतांची चाचणी झाली आहे का?
४. आधी कुठे स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलंय का? त्याने खोकला दोन दिवस दबतो, पण शरीरात पाणी धरलं जातं. काठावरच्या कुत्र्याला त्यानेच धाप लागू शकते. गेल्या महिन्याभरात जे जे दिलं त्याची यादी न्या.

सावधान: झडपेचा आजार असलेला कुत्रा जेवत नाही म्हणून सलाईन लावायची वेळ आली, तर "याच्या हृदयात मर्मर आहे" हे आधी सांगा, कितीही घाई असली तरी. वेगाने दिलेलं सलाईन थेट फुप्फुसात उतरू शकतं.

टप्पा ३: एक्स-रे आणि इको

एक्स-रे आडवा आणि उभा असा दोन बाजूंनी, पूर्ण श्वास आत असताना हवा. फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो पुढच्या डॉक्टरांच्या फारसा उपयोगाचा नसतो. मूळ डिजिटल फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या. त्यावर हृदयाची लांबी-रुंदी पाठीच्या मणक्यांच्या मापात मोजतात. या आकड्याला व्हीएचएस म्हणतात. तो १०.५ च्या वर गेला तर हृदय मोठं धरतात. पग आणि पॉमेरेनियन यांचा निरोगी आकडाही थोडा जास्त असतो, त्यामुळे नुसत्या १०.७ वर निदान करू नये.

पायरी खरी ठरते ती इकोवर. कुत्र्यांचा इको नेहमी करणारे पशुवैद्य आपल्या जवळपास मिळाले नाहीत तर पुण्याला जावं लागतं, सुमारे अडीचशे किलोमीटर. मुंबईला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शिरवळ आणि उदगीरलाही महाविद्यालयं आहेत. कुठेही निघण्याआधी फोन करून विचारा: कुत्र्याचा इको कोणत्या दिवशी होतो, आणि अहवालात मापं लिहून देतात का? "झडप गळते, मध्यम" एवढाच अहवाल घेऊन परत आलात तर खेप निम्मी वाया.

अहवालात ही मापं हवीत:

• डावा वरचा कप्पा आणि महाधमनी यांचं गुणोत्तर. १.६ किंवा जास्त म्हणजे कप्पा फुगलेला.
• डाव्या खालच्या कप्प्याचा हृदय सैल पडलेलं असतानाचा व्यास, वजनाच्या हिशेबाने. हा आकडा १.७ किंवा जास्त म्हणजे कप्पा मोठा.
• उजव्या झडपेच्या गळतीचा वेग. यावरून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब कळतो.

दुसऱ्या मापात माणसांचा इको करणाऱ्या केंद्रात हमखास गोंधळ होतो, कारण यंत्र वजनाचा हिशेब कुत्र्यासाठी करत नाही. सेंटिमीटरमधला व्यास भागिले किलोतल्या वजनाचा ०.२९४ वा घात, असं ते सूत्र आहे. गणित टाळायचं असेल तर १.७ ची मर्यादा अशी लक्षात ठेवा: ४ किलोला साधारण २.५५ सेंमी, ५ किलोला २.७ सेंमी, ८ किलोला ३.१ सेंमी, १० किलोला ३.३५ सेंमी. व्यास याच्या वर गेला असेल तर कप्पा मोठा आहे. त्या दिवशीचं वजन अहवालावर लिहून घ्या.

इको अजिबात शक्य नसेल तर ३ किंवा जास्त ग्रेडची मर्मर आणि ११.५ किंवा वरचा व्हीएचएस यांवर डॉक्टर निर्णय घेऊ शकतात.

सावधान: धाप लागलेल्या कुत्र्याला एक्स-रेसाठी जबरदस्तीने उताणं पाडू नका, आणि त्याच अवस्थेत गाडीत घालून पुण्याला नेऊ नका. आधी सोलापुरातच इंजेक्शन आणि ऑक्सिजन देऊन स्थिर करा. इको दोन-चार दिवस उशिरा झाला तरी चालतो.

टप्पा ४: पायरी ठरवा

जगभरचे पशु-हृदयतज्ज्ञ ज्या पायऱ्या वापरतात त्या २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतल्या आहेत.

ए: जात धोक्याची, पण मर्मर नाही. औषध नाही.
बी१: मर्मर आहे, पण हृदय मोठं नाही, किंवा बी२ च्या मापांइतकं नाही. औषध नाही. दर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा मोजमाप.
बी२: ३ किंवा वरची मर्मर आणि इको-एक्स-रेवर वरच्या मर्यादा ओलांडलेल्या. धाप नाही. पिमोबेंडन सुरू करायची वेळ.
सी: फुप्फुसात पाणी आत्ता आहे, किंवा पूर्वी येऊन औषधाने गेलं आहे.
डी: नेहमीची औषधं पूर्ण डोसमध्ये चालू असूनही पाणी येतं.

सी मधला कुत्रा बरा दिसू लागला तरी परत बी२ होत नाही. "आता खोकत नाही, बंद करू का गोळ्या?" याचं उत्तर इथेच आहे. तो गोळ्यांमुळेच बरा आहे.

टप्पा ५: बी२ मध्ये पिमोबेंडन

हे औषध हृदयाचं आकुंचन सुधारतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एपिक नावाच्या अभ्यासात बी२ च्या कुत्र्यांत ते सुरू केल्यावर फुप्फुसात पाणी येण्याचा काळ सुमारे १५ महिन्यांनी पुढे गेला. लक्षणं दिसत नसलेल्या कुत्र्याला औषध देण्याचं कारण हेच. बी१ मध्ये असा फायदा दाखवलेला नाही, म्हणून "लवकर सुरू केलेलं बरं" हा विचार इथे चालत नाही.

डोस किलोला ०.२५ ते ०.३ मिग्रॅ, दर बारा तासांनी. ५ किलोच्या कुत्र्याला १.२५ मिग्रॅची एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी. जेवणाआधी एक तास, कारण पोटात अन्न असेल तर औषध कमी शोषलं जातं. सकाळी ६ ला गोळी, ७ ला जेवण, संध्याकाळीही तसंच.

हे पशुवैद्यकीय औषध आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही. निदान तीन आठवड्यांचा साठा घरात ठेवा आणि दहा दिवसांचा उरला की मागवा. एखादा डोस चुकला तर आठवल्यावर द्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दुप्पट कधीच देऊ नका.

तपासा: महिन्याभराने वजन, श्वासाची वही आणि भूक बघा. बी२ मध्ये श्वास आठवड्यातून दोनदा मोजला तरी पुरतो.

टप्पा ६: फुप्फुसात पाणी आलं तर

त्या रात्री काय करायचं, ते घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत हवं. रात्री उघडा असलेला दवाखाना आणि ऑक्सिजनची सोय कुठे आहे हे दिवसा चौकशी करून ठेवा, दोन नंबर फ्रिजवर चिकटवा.

१. खोली थंड करा, पट्टा काढा. त्याला ज्या स्थितीत बरं वाटतं तसंच बसू द्या. कवटाळून धरू नका.
२. तोंडात पाणी, दूध, कफ सिरप काहीही ओतू नका.
३. डॉक्टरांनी जादा फ्युरोसेमाइडचा डोस आधी लिहून दिला असेल तरच द्या, वेळ लिहा, आणि लगेच निघा. गोळी लागू पडायची वाट बघत घरी बसू नका.
४. शक्यतो चारचाकीने, एसी लावून न्या. दुचाकीवर पुढे बसवू नका.
५. दवाखान्यात ऑक्सिजन आणि फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन आधी. एक्स-रे श्वास सुधारल्यावर.

घरी आल्यावरची औषधं साधारण अशी. फ्युरोसेमाइड किलोला २ मिग्रॅच्या आसपास, दिवसातून दोनदा. पिमोबेंडन आधीसारखंच. स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम शरीरात राखणारी लघवीची गोळी) किलोला २ मिग्रॅ, दिवसातून एकदा किंवा दोनदा. बहुतेक डॉक्टर एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिल ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळीही किलोला ०.५ मिग्रॅने जोडतात. ५ किलोच्या कुत्र्याचा हिशेब: फ्युरोसेमाइड १० मिग्रॅ, म्हणजे ४० च्या गोळीचा पाव भाग, दोनदा, स्पायरोनोलॅक्टोन २५ च्या गोळीचा जेमतेम अर्धा भाग, एनालाप्रिल २.५ मिग्रॅची एक गोळी. पाव भाग हाताने मोडू नका, गोळी कापायचं छोटं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं.

फ्युरोसेमाइड दिल्यावर तास-दोन तासांत जोरात लघवी होते. रात्री १० ला गोळी देऊन झोपलात तर घर ओलं होणारच, आणि त्यासाठी कुत्र्याला रागावणं अन्यायाचं आहे. सकाळी ७ आणि संध्याकाळी ७, आणि नंतर फिरायला.

मेडिकलच्या काउंटरवर होणाऱ्या तीन धोकादायक चुका:

• फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोनची माणसांची जोडगोळी. २० अधिक ५० मिग्रॅची अर्धी गोळी दोनदा दिली तर ५ किलोच्या कुत्र्याला फ्युरोसेमाइड बरोबर मिळतं, पण स्पायरोनोलॅक्टोन दिवसाला ५० मिग्रॅ जातं, किलोला १०.
• फ्युरोसेमाइड नाही म्हणून टोरसेमाइड. ते मिग्रॅला मिग्रॅ धरता दहा ते वीसपट तीव्र आहे. १० च्या जागी १० दिलं तर मूत्रपिंडं जातील.
• एनालाप्रिलच्या नावापुढे वेगळं अक्षर असलेली गोळी. त्यात बऱ्याचदा रक्तदाबाचं दुसरं औषध मिसळलेलं असतं. गोळीच्या पाकिटामागचे घटक वाचून मगच घ्या.

पाय दुखतोय म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी या औषधांबरोबर कधीही नाही. मूत्रपिंडांवर तिहेरी मार बसतो. सर्दीच्या गोळ्या आणि साखरविरहित सिरपंही नकोत. त्यांतल्या काही घटकांचा कुत्र्यांना विषासारखा त्रास होतो.

टप्पा ७: रक्ततपासणी

औषधं सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन आणि युरिया (यांवरून मूत्रपिंडांचं काम कळतं), सोडियम, पोटॅशियम. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक ते दोन आठवड्यांत पुन्हा. मग सगळं स्थिर असेल तर दर तीन-चार महिन्यांनी. पहिला आकडा नसेल तर दुसऱ्याला अर्थ राहत नाही, म्हणून "आधी गोळ्या चालू करू, रक्त नंतर बघू" असं करू नका.

क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षित आहे. कुत्रा जेवतोय, खेळतोय आणि वाढ मूळ आकड्याच्या तीस टक्क्यांच्या आत असेल तर सहसा औषध तसंच ठेवतात. उलट्या, अन्नाला तोंड न लावणं, गळून पडणं असेल तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा. पोट बिघडलेल्या, पाणी न पिणाऱ्या कुत्र्याला फ्युरोसेमाइड आणि एनालाप्रिल ठरलेल्या वेळेला देत राहिल्याने मूत्रपिंडं बिघडतात.

टप्पा ८: खाणं, पाणी, ऊन

पाणी कधीही कमी करू नका. "छातीत पाणी झालंय म्हणून पाणी कमी पाज" हा सल्ला चुकीचा आहे. फ्युरोसेमाइडवरच्या कुत्र्याला जास्त तहान लागते आणि लागायलाच हवी. नळाला काही दिवसांआड पाणी येत असेल तरी कुत्र्याचं भांडं दिवसातून दोनदा ताजं भरायची जबाबदारी घरातल्या एकाकडे ठरवून द्या.

मीठ कमी, प्रथिनं भरपूर. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, अंडं, भात, मिठाशिवाय केलेली भाकरी चालते. खारी, बिस्किटं, ब्रेड, पापड, चीज, लोणच्याचा खार नको. शेंगा चटणीत मीठ आणि लसूण दोन्ही असतात, आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी मोडतो. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात. हंगामात घरात ढीग पडलेला असतो तेव्हा लक्ष ठेवा. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि एनालाप्रिल चालू असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि इलेक्ट्रोलाइटची पावडरही नको. गोळी लपवायला चीजऐवजी उकडलेल्या चिकनचा तुकडा वापरा.

आजार वाढला की स्नायू झिजतात. पाठीचा कणा आणि बरगड्या हाताला टोचू लागल्या तर मिठापेक्षा पोटभर खाण्याला महत्त्व द्या.

मार्च ते जून फिरणं सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावर. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, शोभेच्या दारूकामाच्या रात्री आणि गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवसांत त्याला आतल्या खोलीत, पंखा लावून, ओळखीच्या माणसाजवळ ठेवा, आणि त्या रात्री श्वास मोजाच.

टप्पा ९: औषधं पुरेनाशी झाली तर

फ्युरोसेमाइड दिवसाला किलोमागे ८ मिग्रॅच्या पुढे गेलं तरी पाणी येत असेल तर ती डी पायरी. इथे डॉक्टर फ्युरोसेमाइडऐवजी टोरसेमाइड देतात, पिमोबेंडन दिवसातून तीनदा करतात, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला असेल तर सिल्डेनाफिल जोडतात, पोटात पाणी साठलं तर सुईने काढतात. प्रत्येक बदलानंतर टप्पा ७ पुन्हा.

झडप दुरुस्त करायची शस्त्रक्रिया अस्तित्वात आहे. जपानमध्ये आणि ब्रिटनमध्ये हृदय-फुप्फुस यंत्रावर घेऊन ती करतात. दुसऱ्या पद्धतीत छातीला लहान छेद देऊन, हृदय धडधडत असतानाच झडपेच्या दोन पाकळ्या क्लिपने मधोमध जोडतात. प्रवास, खर्च आणि निष्णात चमू पाहता इथल्या बहुतेक घरांना हे शक्य होणार नाही. विचार करायचाच असेल तर मूत्रपिंडं ठीक असताना, बी२ च्या शेवटी किंवा सी च्या सुरुवातीला करा. डी मध्ये पोचलेला कुत्रा भूल आणि प्रवास झेपवू शकेल याची खात्री नसते.

डी मध्ये डॉक्टरांशी एक गोष्ट शांत दिवशी बोलून ठेवा: कोणती लक्षणं दिसली की उपचार थांबवायचे. पूर्ण औषधं चालू असताना झोपेतला श्वास ४० च्या खाली येत नाही, रात्रभर बसून काढतो, दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही, असे दिवस सलग येऊ लागले तर त्याला वेदनेविना निरोप देण्याचा विचार करा. हा निर्णय मध्यरात्री, ऑक्सिजनचा मास्क लावलेला असताना पहिल्यांदाच घ्यावा लागला, तर कुत्र्याचा त्रास लांबतो.